घरच्या संगणकाची विंडोज बदलताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीच्या मोफत दुरुस्त्या बंद केल्या. आपल्या बाजारातील पुष्कळ व्यापारी बंधूंच्या घरी एकच संगणक असतो आणि तो गेली आठ-दहा वर्षे याच विंडोज १० वर चालत आलेला आहे. दिवसा त्याच्यावर बिले आणि जीएसटीचे काम, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, आणि लग्नसराईत नातेवाइकांच्या पत्रिकाही त्याच्यावरच. पडद्यावर नवी विंडोज घेण्याची सूचना आली की घरातला मुलगा म्हणतो, बटण दाबून टाकू या. पेढीवरचे मुनीमजी म्हणतात, हात लावू नका, उद्या बिल छापणे बंद पडेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कोणाचे कुठपर्यंत ऐकावे, ते या लेखात पाहू.

आधी विंडोज ही चीज काय आहे ते आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घ्यावे. गिरणीवाला आणि किरकोळ दुकानदार एकमेकांना कधी भेटत नाहीत. मध्ये आडत्या असतो. माल कोणाकडून घ्यायचा, कोणाला द्यायचा, कोणाची उधारी किती चालवायची, हे सारे त्याच्या डोक्यात. विंडोज म्हणजे संगणकातला आडत्या. एका बाजूला लोखंडी सामान, म्हणजे प्रोसेसर, हार्ड डिस्क, प्रिंटर. दुसऱ्या बाजूला टॅली, उर्दू-मराठी टंकलेखनाचे प्रोग्राम, भरतकामाच्या डिझाइनचे प्रोग्राम. या दोघांत थेट बोलणे होत नाही, सर्व व्यवहार विंडोजमार्फत होतो. विंडोज बदलली की आडत्या बदलला. नव्या आडत्याला जुन्या पार्ट्यांची ओळख नसते. कोणाला तो माल देतो, कोणाला दारातूनच परत पाठवतो.

तकरारीचे मूळ इथे आहे, आणि ते एका हिशेबाने लगेच ध्यानात येते. यंत्रमाग नीट सांभाळला तर तीस-चाळीस वर्षे कापड देतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे मशीन तितकीच वर्षे चालते. विंडोजचे आयुष्य मात्र कंपनीच्या तारखेने ठरते. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात आली आणि ८ एप्रिल २०१४ ला तिचा आधार संपला. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ ते १४ जानेवारी २०२०. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५. म्हणजे सुमारे दहा-बारा वर्षे. शिवाय विंडोज ११ मध्येही दरवर्षी एक नवी आवृत्ती येते आणि घरगुती प्रकारात त्या एका आवृत्तीला २४ महिनेच दुरुस्त्या मिळतात. वीस-तीस वर्षे चालणारे यंत्र आणि दहा वर्षे चालणारी प्रणाली एकाच जुवाला जोडली आहेत. त्यामुळे संगणक विकत घेतानाच ही कटकट आपण विकत घेत असतो, बिलात ती लिहिलेली नसते एवढेच.

जुनीच चालू ठेवली तर?

आधार बंद झाला म्हणजे संगणक बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरलाही तो चालूच होता आणि पुढेही चालतो. फक्त प्रणालीत नवे भोक सापडले की ते बुजवणारा कोणी राहत नाही. हे भोक प्रकरण किती महागात जाते ते २०१७ साली जगाने पाहिले. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एका भोकावर ठिगळ दिले होते. ज्यांनी ते लावले नाही त्यांच्या संगणकांत १२ मे २०१७ पासून ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा शिरला. त्याने फायलींना कुलूप लावायचे आणि ते उघडण्यासाठी ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागायची. सुमारे १५० देशांत त्याचा फटका बसला.

दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, ‘नॉटपेट्या’ आला. तो आपल्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्राममधून झाली. त्या देशात व्यापारी करभरणा ज्या प्रोग्रामने करत, त्याच्या सुधारित आवृत्तीतूनच विष आले. पसरायला त्याला अनेक वाटा होत्या, त्यांतली एक वाट मार्चमध्ये ठिगळ दिलेलीच. मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज ठप्प झाले आणि त्याच समूहाकडे असलेले आपल्या न्हावा शेवा बंदरातील टर्मिनलही अडले. माल घेऊन आलेले ट्रक बाहेर रांगेत थांबले. ज्याने ना युक्रेन पाहिले ना तो प्रोग्राम, त्याच्या मालालाही थांबावे लागले.

म्हणून ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटी पोर्टलचे काम चालते, तो बिनदुरुस्तीचा इंटरनेटवर ठेवणे योग्य नाही. विंडोज १० वाल्यांना कंपनीने वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची एक योजना दिली. तिची मुदत घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ ठेवण्यात आली. त्यासाठी तीन मार्ग ठेवले गेले. मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून आपल्या सेटिंगची नक्कल कंपनीकडे ठेवली तर पैसे नाहीत, किंवा कंपनीचे १,००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलर रोख. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ही सोय घेता येते. ही सोय म्हणजे उधारीची मुदत वाढवून मिळणे. देणे फिटत नाही, पण सीझनच्या गर्दीत डोके शांत राहते.

पहिली भिंत : संगणकच पास होत नाही

विंडोज ७ वरून १० वर जाताना कंपनीने फारशी अट घातली नव्हती, त्यामुळे बरेच जुने संगणक पुढे सरकले. विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली ती कडक अटी घेऊन. किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा, ही अट साधी आहे. खरी अडचण दोन ठिकाणी येते.

एक म्हणजे प्रोसेसर. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासूनचा. काही थोडे अपवाद आहेत, पण आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली, त्यामुळे त्याआधी घेतलेला संगणक बहुधा नापासच. मग तो कितीही वेगाने चालत असो. आय-सेव्हन प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी असलेला २०१६ चा संगणक नापास, आणि २०१९ चा सर्वात स्वस्त लॅपटॉप पास, असे दिसते तेव्हा ग्राहकाला राग येतो आणि तो राग गैरवाजवी आहे असे मला वाटत नाही.

दुसरी अट टीपीएम २.० ची. टीपीएम म्हणजे संगणकातली एक छोटी तिजोरी, ज्यात कुलपांच्या चाव्या ठेवल्या जातात. मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये २०१६ च्या मध्यापासून ती असतेच. पण आपल्याकडे सुटे भाग जोडून केलेले संगणक जास्त. त्यांत ही तिजोरी अनेकदा असते, फक्त बंद करून ठेवलेली असते, आणि विंडोज सांगते की नाहीच. पुष्कळ दुकानदार इथेच ‘नवीन घ्या’ म्हणून मोकळे होतात. तसे लगेच ऐकू नये. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा मोफत प्रोग्राम चालवला की कोणती अट अडली ते कळते. प्रोसेसर पास आणि फक्त टीपीएम नापास असेल तर संगणक चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जावे लागते. इंटेलच्या बोर्डावर तिथे पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाची कळ असते. ती चालू केली की काम झाले. एका पैशाचा खर्च नाही.

बायोसमध्येच ‘लेगसी’ आणि ‘यूईएफआय’ असाही एक पर्याय दिसतो. विंडोज ११ ला यूईएफआय लागते. पण जुन्या पद्धतीने आखलेल्या हार्ड डिस्कवर तो पर्याय थेट बदलला तर संगणक काळा पडदा दाखवून थांबतो. अशा वेळी घाबरून फॉरमॅट करू नये. पर्याय पूर्ववत केला की तो पुन्हा चालू होतो. डिस्कची आखणी बदलण्याचे हत्यार विंडोज १० मध्येच आहे, एमबीआर-टू-जीपीटी या नावाचे. ते माहितगाराकडून आणि डेटाची नक्कल काढल्यावरच चालवावे.

अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही बाजारात आहेत. बसते, चालतेही. पण अशा संगणकाला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी हा खटाटोप करायचा, त्यांचाच भरवसा नसेल तर धंद्याच्या संगणकावर हा प्रयोग नको. मुलांच्या संगणकावर करायचा असेल तर करावा.

जुने प्रोग्राम, जुने प्रिंटर

आपल्या लाइनीत अजूनही काही जुन्या पेढ्या डॉसच्या काळात लिहून घेतलेल्या प्रोग्रामवर सूत आणि ताक्यांचा हिशेब ठेवतात. कोणा ओळखीच्या मुलाने फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला, बीम किती दिले, ताके किती आले, मजुरी किती झाली, सगळे त्यात. पडदा काळा-निळा, पण काम चोख. हे प्रोग्राम १६ बिटचे. विंडोज १० ची जी ३२ बिटची प्रत होती, तिच्यात ते चालायचे. विंडोज ११ ही फक्त ६४ बिटमध्येच निघाली आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचा प्रोग्राम उघडतच नाही. त्यामुळे ‘काल चालत होते, आज का नाही’ या प्रश्नाला दुकानातला मुलगा उत्तर देऊ शकत नाही, कारण ६४ बिटचा संगणक त्याने जन्मापासून पाहिलेला असतो आणि १६ बिट त्याने ऐकलेलेही नसते. ३२ बिटच्या विंडोज १० वरून ११ वर बटण दाबून जाताही येत नाही, सगळे पुसून नव्यानेच बसवावे लागते. इलाज आहे. डॉसबॉक्ससारखा मोफत प्रोग्राम घेऊन त्याच्या पोटात जुना प्रोग्राम चालवता येतो. मात्र छपाई आणि एकापेक्षा जास्त संगणकांवर एकच हिशेब उघडणे, या दोन गोष्टी तिथे जपून तपासाव्या लागतात.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची गोष्ट निराळी. तीन प्रतींचे चलन एका झटक्यात छापायला अजून त्याच्यासारखा दुसरा प्रिंटर नाही, म्हणून तो कोणी टाकत नाही. नवी विंडोज आली की त्याचा ड्रायव्हर सापडत नाही आणि दुकानदार सांगतो की प्रिंटर बाद झाला. बहुतेक वेळा तसे नसते. विंडोजमध्येच ‘जनरिक टेक्स्ट ओन्ली’ नावाचा साधा ड्रायव्हर आहे. तो लावला की इंग्रजी अक्षरांचे बिल आणि चलन छापून निघते. टॅलीतही डॉट मॅट्रिक्ससाठी वेगळा छपाई प्रकार आहे. मराठी-उर्दू अक्षरे किंवा दुकानाचे बोधचिन्ह मात्र या साध्या ड्रायव्हरने येत नाही. त्यासाठी प्रिंटरच्या कंपनीचा ६४ बिटचा ड्रायव्हर आधी मिळवून पेन ड्राइव्हवर ठेवावा, आणि मगच विंडोजला हात लावावा.

संगणकाच्या मागचे गुलाबी रंगाचे २५ छिद्रांचे तोंड नव्या संगणकांत आता नसतेच. प्रिंटरसाठी यूएसबीची जोड-केबल मिळते आणि ती बहुधा चालते. पण त्याच तोंडाला जे कुलूप लागायचे, ज्याला बाजारात डोंगल किंवा लॉक म्हणतात, ते त्या केबलवर चालत नाही. एम्ब्रॉयडरीचे डिझाइन पंच करणाऱ्या कारागिरांना आणि जुन्या छापखान्यांना हे सांगायला नको. प्रोग्राम लाखभराचा, त्याचा जीव अंगठ्याएवढ्या लॉकमध्ये, आणि लॉकला नवी विंडोज ओळखत नाही. यूएसबीचे लॉक असेल तरी भानगड आहे. विंडोज ११ नव्याने बसवली तर ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचा पहारेकरी बहुतेक संगणकांवर आपोआप जागा असतो आणि जुन्या लॉकचा ड्रायव्हर तो आत येऊ देत नाही. लॉक बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर मिळाला तर प्रश्न सुटतो. प्रोग्राम विकणारी कंपनीच बंद झाली असेल तर सुटत नाही. पहारेकऱ्याला झोपवण्याचा सल्ला काही जण देतात. तो बँकेच्या कामाच्या संगणकावर देऊ नये.

डिझाइनच्या फायलींची काळजी त्या मानाने कमी आहे. ताजिमाची डीएसटी फाइल जुन्या मशीनला जशी समजते तशीच नव्यालाही समजते. पण डीएसटीत फक्त टाके असतात. डिझाइन पुढे मोठे-लहान करायचे तर मूळ प्रोग्रामची फाइल लागते आणि ती उघडायला तेच लॉक लागते. दोन्ही प्रकारच्या फायली ठेवाव्यात.

उर्दू आणि मराठी अक्षरांचे काय होते

हा भाग थोडा विस्ताराने लिहितो, कारण संगणकाच्या इंग्रजी मासिकांत तो कोणी लिहीत नाही.

आमच्या शाळेच्या दिवसांत उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातची असत. १९९४ मध्ये इनपेज आले आणि हळूहळू लग्नाच्या रुक्क्यापासून शाळेच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत सारे त्यात होऊ लागले. मराठीत श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी साधने होती. विंडोज ९५ आणि ९८ यांना ना देवनागरी येत होती ना नस्तालिक. म्हणून या साधनांनी आपापली युक्ती काढली. मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. संगणकाच्या हिशेबी तिथे इंग्रजी ए किंवा बीच आहे, फक्त त्याचे कपडे मराठी आहेत. कपडे काढले, म्हणजे फॉन्ट नसला, की खालचे इंग्रजी कोंबडीचे पाय दिसू लागतात.

विंडोज नव्याने बसवल्यावर नेमके हेच होते. व्यापाऱ्याने वीस वर्षे जमवलेली पार्ट्यांची मराठी पत्ते असलेली यादी उघडली आणि सगळा कचरा दिसला, की तो समजतो फाइल खराब झाली. फाइल शाबूत असते. फक्त फॉन्ट गेलेला असतो. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचे फोल्डर आहे, त्यातील आपले मराठी-उर्दू फॉन्ट आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले असतील तर पाच मिनिटांत अक्षरे परत दिसतात. इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांच्या फायलींची बाब वेगळी. त्यांची लिपी-पद्धत त्यांची स्वतःची होती, त्यामुळे तो प्रोग्राम किंवा त्याची नवी आवृत्ती हाताशी हवीच.

विंडोज २००० पासून देवनागरी अधिकृतपणे संगणकात आली, मंगल हा फॉन्ट तिच्याबरोबर आला. एक्सपीमध्ये मात्र ती वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई, जी कोणाकडेच नसे. उर्दूला नस्तालिक वळणाचा ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा फॉन्ट विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ साली मिळाला. आता नवी खोच अशी की विंडोज १० पासून मंगल आणि उर्दू टाइपसेटिंग हे दोन्ही ऐच्छिक सामानात गेले. कोरी विंडोज बसवली की ते नसतात. देवनागरीसाठी निर्मला यूआय हा दुसरा फॉन्ट असतो, त्यामुळे मराठी दिसते पण मंगलमध्ये आखलेले पत्र एका पानाचे दीड पान होते. उर्दू दिसते पण नस्ख वळणात, जे उर्दू शाळेत शिकलेल्या डोळ्यांना परके वाटते. सेटिंगमध्ये ऐच्छिक सुविधांच्या यादीतून ‘देवनागरी’ आणि ‘अरेबिक स्क्रिप्ट’ यांचे पुरवणी फॉन्ट निवडले की हे दोन्ही मोफत उतरतात. हे माहीत नसल्यामुळे लोक कुठल्या तरी संकेतस्थळावरून फॉन्ट शोधत बसतात आणि त्याबरोबर किडा घेऊन येतात.

जुनी मराठी-उर्दू यादी युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे प्रोग्राम मिळतात. महत्त्वाचा मजकूर असेल तर विंडोज बदलण्याच्या निमित्ताने तेही काम उरकावे. जोडाक्षरे, रफार आणि आकडे मात्र डोळ्यांनी तपासावेत, विशेषतः रकमा.

हिशेबाची अमानत

विंडोज बदलताना प्रोग्राम गेला तर पुन्हा बसवता येतो. पार्टीची उधारी गेली तर ती पार्टी आपण होऊन सांगायला येत नाही. म्हणून नक्कल आधी, बाकी सारे नंतर.

नक्कल घेण्यात फसगत कशी होते ते पाहा. आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याने संगणक दुकानात दिला. तंत्रज्ञाने विचारले, डेटा काढू का? होय म्हटल्यावर त्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन फोल्डरे काढली आणि सी ड्राइव्ह पुसली. टॅलीचा डेटा या दोन्हींत नसतो. तो बहुधा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात, ‘डेटा’ नावाच्या जागी, १०००० सारखा आकडा असलेल्या फोल्डरात असतो. तिथे तो आकडा पाहून कोणाला वाटतही नाही की यात पाच वर्षांचा धंदा आहे. कर सल्लागाराकडे मार्चअखेरची प्रत होती म्हणून तो व्यापारी वाचला. त्यापुढची बिले त्याने कागदावरून पुन्हा चढवली. तेव्हा टॅलीतूनच बॅकअप घ्यावा, तो बाहेरच्या डिस्कवर ठेवावा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न वठलेला चेक.

बटण दाबून केलेल्या बदलात फायली जागच्या जागी राहतात असे कंपनी सांगते आणि बहुधा राहतात. परंतु ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्याच एका मोठ्या सुधारणेत काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधील फायली पुसल्या गेल्या होत्या आणि कंपनीला ती सुधारणा काही काळ थांबवावी लागली होती.

आणखी दोन ठिकाणी आजकाल लोक अडतात. नवी विंडोज बसवताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते आणि वनड्राइव्ह आपोआप चालू होते. डेस्कटॉपवरच्या फायली कंपनीच्या गोदामात जाऊ लागतात. मोफत जागा ५ जीबी, आपल्या डिझाइनचे फोटोच त्याहून जास्त. मग जागा भरल्याची सूचना येते, माणूस वैतागून वनड्राइव्हवरून फायली काढतो आणि घरच्या संगणकावरूनही त्या जातात. वनड्राइव्ह नको असेल तर आधी त्याची फोल्डर-बॅकअपची सोय बंद करावी, फायली परत आपल्या जागी आल्याची खात्री करावी, मग पुढचे.

दुसरे कुलूप जास्त कडक आहे. नव्या विंडोज ११ मध्ये अशा खात्याने प्रवेश केला की अनेक संगणकांवर हार्ड डिस्क आपोआप कुलूपबंद होते. रोज ते जाणवत नाही. पण बायोसमध्ये काही बदलले किंवा बोर्ड बदलला की संगणक ४८ आकड्यांची चावी मागतो. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. खाते दुकानातल्या मुलाने स्वतःच्या ईमेलने उघडून दिले असेल आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला असेल, तर हिशेब डिस्कमध्ये असूनही हाती येत नाही. चावीशिवाय तो कोणीही काढून देऊ शकत नाही. खाते मालकाच्याच नावाने आणि मालकाच्याच मोबाइलवर असावे. ते ४८ आकडे कागदावर लिहून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवावेत.

परवान्याबद्दल थोडेच. अस्सल विंडोज १० असेल तर ११ साठी पैसे पडत नाहीत. संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्या बोर्डाशी बांधलेला असतो, बोर्ड बदलला की तो जातो. चार-पाचशे रुपयांत ‘कायमची की’ विकणाऱ्यांकडून बिल मागून पाहावे, म्हणजे मालाची खात्री लगेच पटते.

केव्हा करावे

आपण निवडलेल्या वेळीच हे काम व्हावे. २०१६ साली कॅलिफोर्नियातील प्रवास-व्यवसाय करणाऱ्या एका बाईंच्या कार्यालयीन संगणकावर त्यांच्या परवानगीशिवाय विंडोज १० बसू लागली, मध्येच अडली, आणि ऐन हंगामात संगणक कामातून गेला. त्या लहान दाव्यांच्या न्यायालयात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्यांना १०,००० डॉलर द्यावे लागले. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा कॅलेंडर पाहणे सोपे. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख उलटल्यावर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आत, हे काम काढावे. मार्चअखेर नको, रमजानचा सीझन नको, दिवाळी नको. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हरही नव्याने बसवावा लागतो, तो आधी मिळवून ठेवावा.

काम झाल्यावर पहिल्याच दिवशी एक बिल छापावे, एक चलन छापावे, एक उर्दू आणि एक मराठी पत्र उघडावे, टोकन लावून पाहावे, प्रत्येक लॉकचा प्रोग्राम उघडावा. कारण जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय फक्त १० दिवस असते. त्यानंतर जुनी प्रणाली आपोआप पुसली जाते. पुष्कळ जण महिनाअखेरीला बिलांचा गठ्ठा छापायला बसतात तेव्हा त्यांना प्रिंटर चालत नसल्याचे कळते, आणि तोवर परतीचा रस्ता बंद झालेला असतो.

ज्यांचे काम जुन्या लॉकवर, जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनवर किंवा डॉसच्या प्रोग्रामवर पूर्णपणे अवलंबून आहे, त्यांना माझा सल्ला सरळ आहे. तो संगणक बदलूच नये. त्याची इंटरनेटची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे आणि तो फक्त त्याच एका कामाला ठेवावा. फायलींची ने-आण एका वेगळ्या, तपासलेल्या पेन ड्राइव्हने करावी. बँक, जीएसटी आणि ईमेलसाठी दुसरा साधा संगणक घ्यावा. टॅलीची गरज नसेल आणि फक्त इंटरनेट व पत्रव्यवहार असेल, तर नापास झालेल्या संगणकावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणालीही चालते. युनिकोडमधली मराठी-उर्दू तिथे व्यवस्थित दिसते.

आणि त्या जुन्या संगणकाच्या बोर्डावर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो, तो आताच बदलून घ्यावा. सेल संपला की बंद केलेला संगणक तारीख विसरतो, इंटरनेट नसल्यामुळे ती आपोआप सुधारतही नाही, आणि आजचे बिल दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखेने छापून निघते.